खोबरेल लावलेला बेस

“हा बेस आहे की डोकं? खोबरेल कोणी चोपडलंय?” दादरच्या दुकानात गिटार दुरुस्त करणारा शेजारच्या कारागिराला हळूच म्हणाला. दादा गेल्यापासून आई दर रविवारी त्याचा बेस गिटार खोबरेलाने पुसायची, पूर्वी त्याचं डोकं चोळायची तसंच. मला तो शिकायचा होता, पण तारा गंजल्या होत्या, बेसची लाकडी मान वाकली होती आणि ती सरळ करायचा स्क्रू फिरतच नव्हता. “आता नाही वाजणार,” दुरुस्ती करणारा म्हणाला. आई पदराने तेल टिपू लागली. “माझ्या तेलाने झालं का हो?” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईजवळ सरकले. आजही खोबरेलाचा वास आला की माझाच आवाज ऐकू येतो: “नाही गं आई, आपल्या भिंतीला ओल आहे ना, त्याने.”