डोक्यावरचा खलबत्ता

घरमालकाची झोप मोडायची, हे मी पूर्ण शुद्धीवर असताना ठरवलं. रागाच्या भरात नाही. राग होताच, पण तो चांगला मुरलेला होता.

धाराशिवला एका दवाखान्यात मी नर्स होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड, कायमची रात्रपाळी. सकाळी घरी यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि दुपारी झोपायचं. घरमालकाचा डीजेचा धंदा. तो वराती वाजवून पहाटे परतायचा, माझ्या खोलीच्या बरोबर खाली दुपारपर्यंत घोरायचा, आणि मी आडवी झाले की अंगणात भिंतीएवढे स्पीकर मांडून ‘हॅलो, चेक, चेक’ सुरू करायचा. मांडणीवरची ताटं थरथरायची. कानात कापूस घातला, डोक्यावर उशी दाबली, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी सांगायला गेले, तर म्हणाला, “ताई, धंदा हाय माझा. लगीनसराई हाय. जरा सांभाळून घ्या की.”

घेतलं सांभाळून. मग एका रात्री औषध देताना उभ्या उभ्या माझा डोळा लागला. शेजारच्या सिस्टरनं मनगट धरलं म्हणून निभावलं. हातातलं औषध दुसऱ्याच बाळाचं होतं.

त्या सकाळी मी दातओठ खात घरी आले. आईनं दिलेला लोखंडी खलबत्ता काढला, घरमालकाच्या पलंगाच्या बरोबर वर फरशीवर मांडला आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसले. मिक्सर होता घरात. पण मला चटणी कुठं हवी होती? प्रत्येक घावाला मी त्याचं डोकं मनात धरायचे. घे, ही तुझी वरात. घे, हा तुझा चेक. रोज कुटलं. वॉर्डातल्या बाया चटणी खाऊन कंटाळल्या. माझे दंड भरून आले, पण असं सुख मला पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

एके दिवशी तो दारात उभा. मी भांडायला पदर खोचला. त्याच्या हातात वाटी होती, मागं बायको.

“ताई, रोज लई भारी वास येतोय. वाटीभर चटणी द्या की.”

“कुटण्याचा त्रास नाही ना होत?” मी मुद्दाम विचारलं.

“आं?”

“जोरात बोला ताई,” बायको म्हणाली. “स्पीकरनं कान गेलेत त्यांचे. बारीक ऐकूच येत न्हाय, म्हणून तर एवढं मोठं लावत्यात.”

तो बोट चाटत खाली गेला. माझा सगळा सूड त्यानं वाटीत घालून नेला! मी कपाळाला हात लावला. बायको मात्र तिथंच उभी होती. तिचे डोळे माझ्यासारखेच लाल.

“मला येतंय ऐकू,” ती म्हणाली. “पहाटेपर्यंत त्यांची वाट बघत जागी. मग तुमची चटणी, ती झाली की त्यांचं सुरू. म्या कधी झोपू?”

मी खलबत्ता उचलून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली. पदराखालून स्पीकरची जाडजूड वायर काढली, माझ्या पिठाच्या डब्यात कोंबली आणि झाकण घट्ट लावलं. मी दुसरी सतरंजी पसरली.

“अगं ए! वायर कुठं गेली?” खाली तो ओरडत होता. सगळी गल्ली ऐकत होती. मी हसत तिच्याकडं वळले.

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. ती झोपली होती.