चकतीमागे धावणारा कॅमेरा

बायको आईस हॉकी खेळते असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक आधी हसतात आणि मग विचारतात, "वाळवंटात?" लग्नाआधी मीही हेच विचारलं होतं. ती दुबईतच वाढलेली. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना स्वेटर घेऊन घराबाहेर पडण्यात तिला कधी काही विचित्र वाटलं नाही. बायकांच्या लीगमध्ये अकरा वर्षं ती बचावाला होती. तिच्यासारखी डिफेन्समन इथे झाली नाही, हे मी नवरा म्हणून लिहीत नाही. समोरच्या टीममधल्या मुलींनीच मला सांगितलंय.

अकरा वर्षं तिची प्रत्येक मॅच मी शूट केली. त्याचा मला चांगलाच माज होता.

यंदा गुडघा पाहून डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. एकच मॅच उरली होती; ती झाल्यावर येणाऱ्या शुक्रवारी तिचा सत्कार करायचं टीमने ठरवलं. कॅप्टन दिल्लीची. तिचा फोन आला, "हबीबी, बस दस मिनट का व्हिडिओ बना दो उसका."

शनिवारी दुपारी मी आणि लेक लॅपटॉप उघडून बसलो. तीन मॅच पाहून झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, बट व्हेअर इज आई?"

कुठेच नव्हती. माझा कॅमेरा सगळा वेळ त्या काळ्या रबरी चकतीच्या मागे. चकती आपल्या गोलपासून लांब धाडणं हे बायकोचं काम. ती धाडायची आणि मी चकतीबरोबर पलीकडच्या टोकाला पोचायचो. अकरा वर्षांत तिचा एखादा खांदा, नाहीतर स्टिकचं टोक. क्रिकेट बघत मोठा झालेला माणूस चेंडूमागेच जाणार, असं मी लेकीला म्हणालो खरं, पण ते माझं मलाच पटेना.

संध्याकाळी बायकोला सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. "मला माहितीये," ती म्हणाली आणि इस्त्री करत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या मॅचला मी कॅमेऱ्यात फक्त तिलाच धरलं. समोरची मुलगी वेगात अंगावर येत होती आणि ही तिच्याकडे तोंड करून उलटी घसरत मागे येत होती, जराही घाई न करता. ऐनवेळी स्टिक पुढे घालून तिने चकती काढून घेतली, लांब धाडली. माझा हात सवयीने वळायला लागला, तो मी आवरला.

आता आमच्या बाजूला ती जवळजवळ एकटीच होती. ती वाकली, उजवा गुडघा दाबून धरला आणि मान खाली घातली. खेळ परत आमच्याकडे वळताच ताठ उभी राहिली. त्या मॅचमध्ये असं सात-आठ वेळा झालं.

घरी आल्यावर तिला ते दाखवलं.

"हे नको टाकूस व्हिडिओत," ती म्हणाली.

"कधीपासून दुखतंय एवढं?"

"झाली असतील तीन वर्षं."

"कधी बोलली नाहीस?"

"अरे, तू तिथेच तर असायचास."

असायचो. एकही मॅच चुकवली नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.