सहीखालचा ता. क.

सन पंचवीसच्या सुमारास मी लग्न होऊन नागावला आले, तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. हे मुंबईला गोदीत कारकून. रेवसच्या बोटीनं यांचं पत्र यायचं आणि मामंजी ओटीवर बसून ते सगळ्यांना वाचून दाखवायचे. वडीलधाऱ्यांच्या घरात नवऱ्यानं बायकोला वेगळं पत्र लिहायचं, म्हणजे केवढा निर्लज्जपणा! मामंजींना साष्टांग नमस्कार, सासूबाईंना नमस्कार, नारळांची चौकशी, गाईची चौकशी. माझं नाव कुठंच नाही. पण सही वाचून झाली की मामंजी म्हणायचे, "ता. क." तो माझा.

तसं कुणी बोलायचं नाही, पण सगळ्या घराला ठाऊक. वन्सं तर मला कोपरानं ढोसायच्या. 'ता. क. विहिरीचा काठ निसरडा झाला असेल' म्हणजे मला दिवस गेलेत, मी जपावं. 'ता. क. आंबे उतरवायची घाई नको' म्हणजे हे येणार. एकदा मी रुसून जेवले नव्हते, तर 'ता. क. घरात कुणी उपाशी निजू नये.' हे यांना मुंबईत कळलंसुद्धा, याचं मला केवढं अप्रूप! सुट्टीत आले की हे माझ्याशी चार शब्द धड बोलायचे नाहीत. मी म्हणायची, असू दे, लाजाळू आहेत, लिहितात ना.

पुढे मुलीच्या पाटीवर मीही चोरून अक्षरं गिरवली. मामंजी गेले. तेरावं उरकून हे मुंबईला परतले आणि मामंजींच्या पेटीची चावी माझ्याकडे आली. आत बारा वर्षांची पत्रं होती. सगळी वाचली. पहिल्या चारांत ता. क. होता. नंतर एकातही नाही. सहीखाली कोरा कागद.

ता. क. सांगताना मामंजींचा चष्मा हातात असायचा, हे मला मेलीला तेव्हाच कळायला हवं होतं. रागावू तरी कुणावर? त्या म्हाताऱ्यावर? मी ज्याच्याशी बारा वर्षं संसार केला, तो माणूस नव्हताच कुठं. पेटीपाशी बसून पोटभर रडले.

मग यांचं पुढचं पत्र आलं. सासूबाईंना दिसत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. सही झाली.

"आणि ता. क.?" त्यांनी विचारलं.

मी कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग म्हटलं, "ता. क. आईच्या गुडघ्यांना रोज तेल लावावं."

सासूबाई हसल्या. "म्हणजे तुलाच गं," म्हणाल्या. "बघ, अजून विसरला नाही तुला."

मी हो म्हटलं आणि तेलाची वाटी आणायला आत गेले.