उत्तर, दक्षिण आणि आक्का

अमेरिकेच्या यादवी युद्धात मी एकदा दक्षिणेला जिंकवलं होतं. इतिहासाचे सर रजेवर होते आणि त्यांचा नववीचा तास माझ्या गळ्यात पडला. मी भूगोलाचा मास्तर. उत्तरेला गुलाम हवे होते आणि दक्षिणेनं ते सोडवले, असं मी फळ्यावर नकाशा काढून चांगलं रंगवून सांगितलं. दोष म्हणाल तर एवढाच, की मी कोल्हापुरात वाढलो. इथल्या माणसाला सगळा जुलूम उत्तरेकडूनच येतो असं वाटतं. उत्तरेला पुणं आहे.

दुसऱ्या दिवशी सर शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसले. टेबलावर सांडलेल्या चहात त्यांनी बोट बुडवलं आणि एक आडवी रेघ ओढली.

"मास्तर, रेघेच्या वर कोण आणि खाली कोण, हे भूगोलवाल्यानं चुकावं व्हय?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"ऱ्हाऊ दे. पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणं. इतिहासाच्या तासाला टाळ्या पडल्या, म्हणजे कायतरी चुकलंच असणार की!"

ही आडवी रेघ म्हणजे सरांची सही होती. फळ्यावर, टेबलावर, रस्त्यात कुणी भेटलं तर चपलेच्या टोकानं मातीत. असे मास्तर तुमच्याही शाळेत असतील. एकच धडा त्यांच्या जिवाला लागलेला असतो आणि बाकीचं पुस्तक ते त्या धड्यापर्यंत पोचण्यासाठी शिकवतात. सरांचा धडा या यादवी युद्धाचा होता. तो असेल त्या दिवशी शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीशी गोळा व्हायची.

"रेघेच्या वर कारखानं, खाली कापूस," सर सांगायचे. "कापूस वेचणार कोण? गुलाम. आता वरची माणसं म्हणतात, आम्ही न्हाय गुलाम ठेवत. बरोबर हाय. पण पोरांनो, त्यांच्या अंगावरचा शर्ट कुठल्या कापसाचा?" पोरं आपापल्या शर्टाकडं बघायची. "म्हणून लई वर्षं दोघंबी गप्प. मग पश्चिमेला नवा मुलूख मिळाला. तिथं गुलाम ठेवायचं का न्हाय, यावर जुंपली. आपल्या दोन पेठांची फुटबॉलवरनं जुंपते तशी न्हाय. घराघरात. भावाभावात."

आणि मग सरांच्या नकलेत यायचा तो दक्षिणेतला कापसाचा मळेवाला. सरांना मिशी नव्हती. तरी नसलेल्या मिशीला पीळ देत, पोट पुढं काढून ते म्हणायचे, "गुलाम कसलं? आमच्या घरचीच माणसं ती! त्यास्नी काय कमी हाय आमच्यात?" वर्ग हसून लोळायचा. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या डब्यातलं उचलून तेच वाक्य म्हणायची.

सरांचं घर आमच्या घराला लागून. त्यांच्या घरातही एक रेघ होती. पुढचा भाग सरांचा, मागचा धाकट्या भावाचा, आणि मध्ये पुरुषभर उंचीचा पत्रा. भाऊ साखर कारखान्यात होता, बिद्रीला. पत्रा का लागला हे मी दोघांनाही वेगवेगळं विचारून पाहिलं. एकानं कारण पाण्याचं सांगितलं, दुसऱ्यानं शेवग्याच्या झाडाचं. बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती.

दोन्हीकडची चूल मात्र एकच माणूस पेटवायचा. थोरली बहीण, आक्का. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि त्या परत आल्या, त्या कायमच्याच. पहाटे पुढच्या घरातला चहा, मग पत्र्याला वळसा घालून मागच्या घरातल्या भाकरी. दोन्हीकडची बाळंतपणं, दोन्हीकडची धुणी. उन्हाळ्यात दोन्ही घरांची वर्षाची चटणी, आणि हात भरलेच आहेत म्हणून आमचीही. ती चटणी इतकी छान व्हायची की ती कोण करतं याचा मी कधी विचारच केला नाही. आमच्या अंगावरचा शर्ट म्हणा.

एका रविवारी सरांनी मला हाक मारली. आत गेलो तर पत्र्याच्या अलीकडं दोघं भाऊ शेजारीशेजारी बसलेले. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"मास्तर, तुम्हीच सांगा हिला," धाकटा म्हणाला. "हुपरीला जाती म्हणं. मावसबहिणीच्यात. पैंजणाला घुंगरं जोडायचं काम मिळालंय तिथं, मजुरीनं."

"या वयात!" सर म्हणाले. "भाऊ काय मेल्यात व्हय आमी? लोक काय म्हणतील?"

आक्का दारात उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच.

"लोकांस्नी काय म्हणायचं ते म्हणू दे की," त्या म्हणाल्या.

"अगं पण का?" सरांचा आवाज चढला. "घरचंच माणूस तू. तुला काय कमी हाय आमच्यात?"

आणि मी हसलो. वाईट हेतूनं नव्हे हो. इतकी वर्षं ते वाक्य आलं की शाळा हसायची, तसं सवयीनं हसू आलं. धाकट्याला काही कळेना. सरांना कळलं. त्यांचा हात वरच्या ओठापर्यंत गेलेला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

आक्का म्हणाल्या, "कमी कायबी न्हाय रं. जायचंय."

एवढंच. अमेरिकेत गुलामांवरून उत्तर-दक्षिण फुटली. इथं आक्कांना अडवायला आमची उत्तर-दक्षिण कितीतरी वर्षांनी एका सतरंजीवर बसली होती. सर फळ्यावर जे शिकवायचे त्याच्या हे अगदी उलट. म्हणजे माझ्या त्या तासासारखं.

एकी टिकली संध्याकाळपर्यंत. मग कुणाच्या बायकोच्या बोलण्यामुळं आक्का निघाल्या, यावरून पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी तोफा सुरू झाल्या. एक पातेलं शेवग्याच्या झाडापर्यंत गेलं. "तुमीच राबवून घेतलं तिला!" हे दोन्हीकडून, एकाच वेळी. खरं तर त्या दिवशी दोन्ही पक्ष प्रथमच खरं बोलत होते. आक्का त्या गोंधळात ट्रंक भरत होत्या.

सकाळी मी त्यांची ट्रंक घेऊन स्टँडवर गेलो. हुपरीची बस लागलेली आणि ही गर्दी! आता काय करावं म्हणून बघतो तर खिडकीशी सर बसलेले. आमच्या आधी येऊन, खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी जागा धरली होती. आणि रुमालावर भरवसा नाही म्हणून स्वतःच त्यावर बसले होते.

कंडक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. "सर, हुपरी का?"

"न्हाय. आमची आक्का निघालीय."

आक्का चढल्या, तरी सर उठेनात. मागचा माणूस ओरडला, "ओ पावणं, बसायचंय का उतरायचंय?" तेव्हा ते उठले. रुमाल तिथंच विसरले. आक्कांनी तो घडी करून खिडकीतून दिला. "भाकरी थापायला बायकोला हातभार लाव जरा," म्हणाल्या. सरांनी मान हलवली. पुढं त्यांनी भाकरी थापायचा प्रयत्न केला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचा आकार दोन्ही अमेरिकांना जोडून होई तसा होता.

त्या वर्षी धडा आला तेव्हा खिडकीशी पोरं नेहमीसारखी जमली. सरांनी रेघ ओढली, कापूस झाला, शर्ट झाला. मळेवाला मात्र आला नाही. एका पोरानं "सर, मिशी!" अशी आठवण करून दिली. सर म्हणाले, "वाच, पुढचा उतारा वाच."

निवृत्तीनंतर फार दिवस ते राहिले नाहीत. त्यांच्या दिवसांना आक्का आल्या होत्या. पत्रा अजून होता. दोन्हीकडच्या सुना त्यांना "आत्या, राहा आता" म्हणत होत्या, आणि आक्का म्हणत होत्या, काम खोळंबलंय.

रात्री जेवताना मी बायकोला सरांविषयी बरंच ऐकवलं: किती शिकवलं त्यांनी, आणि स्वतःच्या घरातलं त्यांना कसं दिसलं नाही, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आक्का सांगत होत्या, हुपरीला गेल्यावर महिनाभर पहाटेच जाग यायची. कुणाचा तरी चहा टाकायचा राहिलाय असं वाटून उठून बसायच्या. मग एक दिवस ऊन अंगावर येईपर्यंत झोपल्या, आणि जागं झाल्यावर एकट्याच हसत बसल्या. म्हणाल्या, भावाला हे सांगून हसवायचं होतं, तेवढं राहूनच गेलं."