छपरावर चढलेली सुमनबाई

सुमनबाई गेली, हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी एकच विचारलं, "छपरावरून पडली काय?" नाही. ती आपल्या खाटेवर गेली, तीन दिवसांच्या तापानं. मुलगा, सून जवळ होते. आरमोरीच्या आसपासच्या गावांत चाळीस वर्षं तिनं लोकांची कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, छपरं सांभाळली आणि एकदाही पडली नाही. महिना झाला तिला जाऊन, पण हे उत्तर देताना माझी मान अजून आपोआप ताठ होते.

छपरं फेरायचं काम मुळात तिच्या नवऱ्याचं, देवाजीचं. उन्हाळा उतरणीला लागला की वर चढायचं, माकडांनी फोडलेली कवेलू काढायची, उरलेली झाडून पुन्हा ओळीनं बसवायची. सुमनबाई खालून टोपली द्यायची. मी कॉलेजात होतो त्या वर्षी जंगलात लाकूड अंगावर येऊन देवाजीचा पाय मोडला. मृगाला आठवडा उरला होता आणि आमचं छप्पर त्यानं अर्धं उघडून ठेवलेलं. एका सकाळी सुमनबाई एकटीच आली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि शिडी भिंतीला लावली.

माझे काका आडवे आले. "बाईमाणूस छपरावर? खाली आमचा देव हाये!"

ती शिडीच्या पहिल्या पायरीवर तशीच थांबली. उत्तर दिलं माझ्या आईनं. "भाऊजी, देवावर पाणी गळते, ते चालते काय? चढ वं सुमन."

ती चढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवाजी कुबडी टेकत काम पाहायला आला. मान वर करून कवेलूची एकेक ओळ न्याहाळली आणि म्हणाला, "माया हातची वळ इतकी सरळ नसते." काका मात्र घरात निघून गेले. पुढची दोन-तीन वर्षं बऱ्याच घरांनी तिला बोलावलंच नाही. पण तिनं फेरलेली घरं गळेनात, आणि गळक्या घरातला माणूस किती दिवस अडून बसणार? हळूहळू सगळ्या आळ्या तिच्या झाल्या.

तिची खरी परीक्षा माझ्या मुलीच्या लग्नात झाली. दोन दिवस उरले असताना गारा पडल्या आणि आमच्या छपराची चाळणी झाली. शहरातला टिनवाला म्हणाला, आठ दिवस लागतील. साठीची सुमनबाई अंगणातून वर पाहत म्हणाली, "गुरुजी, घाबरता काऊन? कवेलू गावातच हाये." खरंच होती. ज्यांनी ज्यांनी स्लॅब टाकले, त्यांची जुनी कवेलू तिनंच उतरवून परसात रचून ठेवली होती. कुठल्या परसात ढीग आहे, ते तिला पाठ होतं. गावातल्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या, शिडीवरून हातोहात कवेलू वर जाऊ लागली, आणि ती दोन दिवस उन्हात एकेक वळ लावत सरकत राहिली.

लग्नाच्या दुपारी अक्षता पडल्या न पडल्या, तोच आभाळ फाटलं. मांडव वाकला. सगळं वऱ्हाड घरात घुसलं. नवरानवरी, पाहुणे, वाजंत्री, सगळे माना वर करून उभे. कवेलूंवर पाऊस नुसता तडतडत होता... आत एक थेंब नाही! कुणीतरी टाळी वाजवली, आणि वाजंत्र्यांनी माजघरातच डफडं सुरू केलं.

काका तेव्हा ऐंशीला टेकलेले. काठीच्या आधारानं उठले, गर्दीतून वाट काढत दाराशी उभ्या सुमनबाईपाशी गेले. "सुमन, पयलं ताट तुयं. तवा मी चुकलो होतो."

"माहीत हाये मले, भाऊ," ती हसून म्हणाली. "भात गरम हाये ना?"

परवा तिची सून मंदा माझ्या छपरावर चढली होती. आता आमच्या भागात चार बाया हे काम करतात, चौघीही सुमनबाईनं शिकवलेल्या. काम संपलं की सुमनबाई लगेच उतरत नसे. घरच्या माणसाला आत पाठवायची, दारं-खिडक्या लावून वर कुठं फट राहिली का ते पाहायला सांगायची. मंदानंही वरून हाक दिली, "गुरुजी, आत जा. कुठी उजेड दिसते काय?"

मी दार लावलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलो आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहिलं.

"कुठीच नाई!" मी ओरडलो.

"पुन्हा पाहा," वरून आवाज आला. "सासू दोनदा पाहाले लावे."

मी पुन्हा पाहिलं.