न उडालेला बार

खाणीत त्याला सगळे भडक्या म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या मुठींनी कमावलं होतं. दगडात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून पळायचं, हा त्याचा धंदा. धाकटा भाऊही त्याच कामात होता. गेल्या वर्षी, भडक्या आजारी असताना, एक बार उडाला नाही. अशा वेळी अर्धा तास तिकडे फिरकायचं नसतं, हे खाणीतल्या कुत्र्यालाही ठाऊक. तरी धाकटा गेला, आणि त्याचे तुकडे गोळा करावे लागले. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "स्वतःच्या मस्तीत गेला. मी काय करू?" त्याला कुणी धाडलं हे ज्यांनी पाहिलं होतं, ते पोटापायी मूग गिळून बसले.

तेव्हापासून भडक्याचा एकच ध्यास. मुकादमाने कबूल करावं, नाहीतर मरावं. दोनदा तो पहार घेऊन निघाला आणि दोन्ही वेळा आई उंबऱ्यात आडवी झाली.

"देवाची वेळ येईल. थांब."

"तुझ्या देवाचं घड्याळ बंद पडलंय, आई."

"पडू दे. तू किल्ली द्यायला जाऊ नकोस."

रविवारी ती त्याला चर्चमध्ये शेजारी बसवायची. हा डोळे मिटून आधी मुकादमाचे दात पाडायचा, मग बरगड्या मोडायचा. आमेन मात्र सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा.

आणि एके दिवशी पुन्हा एक बार उडाला नाही. ट्रक ताटकळले होते, आणि आता मुकादमाच्या सांगण्यावरून कुणी जागचं हलेना. शेवटी शिव्या हासडत तो स्वतःच निघाला. भडक्या आडोशाला बसला होता. त्याला हातही उचलायचा नव्हता, नुसतं गप्प बसायचं होतं. देव किती चोख काम करतो, असं वाटून त्याला हसू आलं.

मग मुकादमाची पाठ दिसली. भावाचीही पाठ अशीच कुणीतरी पाहिली होती, आणि गप्प बसलं होतं.

तो धावला. "थांब," ओरडला. मुकादम थांबेना, तेव्हा त्याने कंबरेत लाथ घातली, मानगूट धरून त्याला कातळामागे आपटला आणि तोंडावर बुक्के हाणले. त्यातले वाचवण्यासाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे त्याला कधीच सांगता आलं नसतं. मूठ पुन्हा वर गेली आणि बार उडाला.

धूळ बसली तेव्हा भडक्याच्या कानांतून रक्त वाहत होतं. खाली मुकादम रडत काहीतरी बोलत होता. दोन दात थुंकून पुन्हा तेच बोलला. भोवतालच्या माणसांनी माना खाली घातल्या. ज्या एका वाक्यासाठी वर्ष जाळलं ते आता चालू होतं, आणि भडक्याच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला आणि त्याने कॉलर सोडली. "चल. आईला सांग."

मुकादम तोंड पुसत त्याच्या मागे निघाला. आई दारातच होती. रक्ताने माखलेले दोघं पाहून तिने आधी लेकाचे हात बघितले. हात रिकामे होते. मग ती उंबऱ्यातून बाजूला झाली.