आधी वीज, मग कासव

लास तोर्तोलासच्या साखर कारखान्याच्या वस्तीत आईबापांनी ठेवलेलं नाव माणसाला दोनदाच लागतं, बाप्तिस्म्याला आणि मयताला. मधल्या काळात लोक ठेवतील ते नाव. इपोलितो ड्रूलार्डला लोकांनी अशी दोन नावं दिली. पहिलं रायो, म्हणजे वीज. दुसरं तोर्तुगा, म्हणजे कासव. पहिल्या नावानं त्याला आसपासचे चार कारखाने ओळखत होते. दुसऱ्यानं सगळा देश.

वीज तो ऐन तारुण्यात होता. बाप कारखान्यात बॉयलरला चिपाडं घालायचा, आई बायाबापड्यांचे कपडे शिवायची. पोराचा उजवा हात असा लांब, की आई म्हणायची, "याला बूट बांधायला वाकावं लागत नाही." कारखान्याच्या बेसबॉल संघात चेंडू फेकायचं काम त्याचं. बॅटवाल्याला चेंडू दिसायचा तो थेट मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात. काही जण तर बॅट खांद्यावरून खालीही न आणता बाद होऊन परतायचे आणि वर म्हणायचे, "टाकला का त्यानं?"

उत्तरेतून, अमेरिकेतल्या एका क्लबाचा माणूस त्याला बघायला आला. घामानं निथळत त्यानं दोन डाव बघितले आणि सांगितलं, हंगाम संपला की तयार राहा. बापानं बोकड कापला. अख्खी वस्ती जेवली.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात संघ आरामात पुढे होता. संघाचे गुरू सेलेस्तिनोकाका म्हणाले, "पुरे झालं पोरा, बस आता." रायो निघालाही होता. पण कुंपणापाशी कढई मांडून फ्लोरिंदा यानिकेके तळत होती. पापडाएवढ्या मोठ्या, खुसखुशीत पुऱ्याच त्या. तिची जीभ तिच्या तेलापेक्षा तापलेली.

"बस रे बस, रायो!" ती ओरडली. "दमलास ना? भर उन्हात वीज कुठली पडायला!"

लोक हसले. रायो परत फिरला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्यानं चेंडू फेकला. सुकं कांडं मोडावं तसा खांद्यातून आवाज झाला. चेंडू कॅचरकडे गेलाच नाही, कुठेतरी भलतीकडे गडगडला, आणि रायो गुडघ्यांवर बसला.

त्यानंतर कित्येक महिने हात कानाच्या वर जाईना. क्लबाचा माणूस परत आला, त्यानं हात बघितला, पाठ थोपटली आणि शेजारच्या कारखान्यातला दुसराच मुलगा घेऊन गेला.

रायोला ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीवर इंजिनवाल्याच्या हाताखाली काम मिळालं. गाडी अशी, की शेळ्या तिला मागे टाकून जात. मैदानाकडे तो फिरकेना. सामन्याचा गलका ऐकू आला की तो इंजिनाची शिट्टी ओढून धरायचा. त्या दिवसाबद्दल फ्लोरिंदा त्याला कधी काही बोलली नाही. पण गाडी फाटकापाशी आली की रोज ती धावत यायची आणि खिडकीतून दोन गरम यानिकेके आत सरकवायची.

"मी मागितल्या नाहीत," तो म्हणायचा.

"मग फेकून दे. लांब जाणार नाहीत, काळजी नको," ती म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

एका रविवारी चर्चमागच्या गल्लीत बायका खेळत होत्या. चेंडूऐवजी बाटलीचं झाकण, बॅटऐवजी झाडूचा दांडा. रायो तिथून चालला होता. फ्लोरिंदानं वाट अडवली.

"ये की! का बायकांना भितोस?"

त्यानं दांडा उचलला. फ्लोरिंदानं हात गरागरा फिरवला, आता झाकण डोळ्यात जाणार असं वाटावं इतक्या जोरात. रायोनं दात-ओठ खाऊन दांडा फिरवला. झाकण अजून वाटेतच होतं. वाऱ्यावर डुलत, रमतगमत येत होतं.

"रायो, निघालंय ते!" मागून एक म्हातारी म्हणाली. "पोचलं की सांगते."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो स्वतःभोवती गिरकी घेऊन धुळीत बसला. गल्लीभर हशा पिकला, आणि खांदा गेल्यापासून पहिल्यांदा रायोही पोट धरून हसला. मग उठून त्यानं झाकण तिच्या हातात दिलं.

"परत टाक."

"कशाला? परत आपटायला?"

"तुझा हात बघायचाय."

"माझा हात पाहिजे असेल तर माझ्या आईला विचार," फ्लोरिंदा म्हणाली. बायकांनी अशी शिट्टी मारली की पाद्री खिडकीत आला.

हात त्यानं पुढे खरंच मागितला, पण आधी विद्या मागितली. समोरच्याला फसवत होता तो तिच्या हाताचा वेग. अंग, दंड, डोळे सगळं घाईत. बोटं तेवढी निवांत. रोज संध्याकाळी रेल्वेच्या शेडमागे तो फेकायचा आणि ती झेलायची. खांदा जेवढा वळायचा तेवढा वळवायचा, खालून, कडेनं, आणि चेंडू बोटांच्या टोकांवरून नुसता सोडून द्यायचा. सुरुवातीला चेंडू तिच्यापर्यंत पोचायचाच नाही. "घाल पत्र पोस्टात, ते चेंडूच्या आधी येईल," ती म्हणायची. ऊसतोड संपता संपता त्यांचं लग्न झालं, तेव्हा चेंडू पोचत होता.

मैदानावर परतायला निमित्त झालं तळलेल्या माशांचं. सान्ता रीता कारखान्याशी सामना, आणि आपला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आदल्या रात्री पोटभर मासे खाऊन सकाळपासून परसाकडे. सेलेस्तिनोकाकांनी डोक्याला हात लावला.

"काका, मी टाकतो," रायो म्हणाला.

"कशानं? डाव्या हातानं?"

"उजव्यानंच. हळू."

"हळू तर माझी सासूपण टाकते!" काका म्हणाले. पण त्यांची सासू संघात नव्हती.

समोर बाउदिलिओ उभा राहिला. दरवाजाएवढा माणूस, ऊस तोडून तोडून मनगटं खुंटासारखी झालेली. रायोनं वीज पडावी तसा हात फिरवला. चेंडू निघाला, आला, येतच राहिला.

"अगं बाई, चेंडू आहे की कासव!" फ्लोरिंदा कढईजवळून किंचाळली, आणि दुसरं नाव तिथेच पडलं.

बाउदिलिओनं असा तडाखा हाणला की बॅट हातातून सुटून बँडवाल्यांच्या ढोलात घुसली. चेंडू मागाहून येऊन अलगद कॅचरच्या हातमोज्यात बसला. सान्ता रीताच्या लोकांनासुद्धा हसू आवरलं नाही.

सामन्यानंतर बाउदिलिओ तावातावानं आला. "ही फसवणूक आहे!"

"कसली फसवणूक? बाबा, मी तर तुला विचार करायला वेळ दिला."

तिथून कासव थांबलं नाही. राजधानीच्या मोठ्या संघानं त्याला बोलावलं. थंडीचा हंगाम सुरू झाला की दुकानादुकानांत रेडिओभोवती गर्दी व्हायची. निवेदक सांगायचा, "तोर्तुगानं चेंडू सोडला आहे, तोवर मी कॉफी पिऊन घेतो." वर्षानुवर्षं भलेभले त्याच्यापुढे गिरक्या घेत राहिले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी उत्तरेतूनही बोलावणं आलं. या वेळी तो गेला. एप्रिलमध्ये बर्फ बघितला, उन्हाळाभर खेळला, जिंकला, आणि लोक म्हणाले, राहा. तो परत आला.

"का रे?" सेलेस्तिनोकाकांनी विचारलं.

"काका, तिकडे माणसं घाईची, माझ्या चेंडूला चांगली होती. पण कुणी शिव्या देत नाही हो. मी टाकतो, ते चुकतात, टाळ्या वाजतात. हिच्यासारखं एक तोंड नाही तिथं."

"म्हणजे माझ्या तोंडासाठी आलास?" फ्लोरिंदा म्हणाली. "बरं झालं. जा, केळी सोल."

त्यानंतरही तो कारखान्याच्या संघाकडून खेळत राहिला, केस पांढरे होईपर्यंत. शेवटच्या सामन्याला सान्ता रीताकडून नेरेओ आला. बाउदिलिओचाच पुतण्या, अमेरिकेत नाव काढून सुट्टीला गावी आलेला. दोन चेंडूंवर त्याचीही गिरकी झाली. तिसऱ्याला मात्र त्यानं बॅट खाली टेकवली, कंबरेवर हात ठेवला, चेंडू अर्ध्या वाटेवर आल्यावर बॅट सावकाश उचलली आणि मारला. चेंडू कुंपण ओलांडून उभ्या उसात गडप झाला.

मग तोर्तुगानंच आधी टाळी वाजवली.

"शेवटी कुणीतरी थांबलं!" तो म्हणाला.

"तीस वर्षं लागली त्यांना," फ्लोरिंदा ओरडली. "तुझ्यापेक्षा हळू निघाले!"

चेंडू शोधायला दोन्ही संघ उसात शिरले. तोर्तुगाही शिरला, नेरेओ त्याच्या मागोमाग.

"काका, रागावलात?"

"छे रे. खांदा सुखावला. आता कुणी टाक म्हणणार नाही." त्यानं एक कांडं मोडलं, गुडघ्यावर दोन तुकडे केले आणि एक नेरेओच्या हातात दिला. "बस. सापडेल त्यांना चेंडू, नाही तर नाही. ऊस गोड आलाय यंदा."

दोघं सरीत बसून ऊस सोलू लागले. बाहेर बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवातही केली होती.